तिरका पायात घातला

मोजपट्टीबाईंनी लाल पेनाचं टोपण दातांनी ओढून काढलं आणि उत्तरपत्रिकेतली ती ओळ साऱ्या शिक्षकखोलीला ऐकू जाईल अशी वाचली.

“तिरका पायात घातला, कोन निम्मा झाला.”

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. बाईंनी चेहऱ्यावरची रेघ हलू न देता पुढचं जोडलं.

“दोन्ही पायांत घातला असता, तर पाव झाला असता.”

मग खोली फुटली. भूगोलाच्या सरांच्या कपातला चहा बशीत आला आणि बशीतला नकाशावर. भाषेच्या बाईंना एरवी विनोदी धड्यातसुद्धा हसू सापडत नसे, पण त्याही डोळे पुसत म्हणाल्या, “अहो, तुम्हीच वर्गात सारखं चरण चरण करता ना? कोन कुठल्या चरणात आहे ते आधी लिहा, मग चिन्ह द्या. पोरीनं सोपं करून पाय लिहिलं.”

हे मोजपट्टीबाईंच्या विनोदाहून सरस होतं, म्हणून त्या हसल्या नाहीत.

मोजपट्टी हे नाव मुलांनी ठेवलेलं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून पसंतही होतं. पट्टी सगळ्यांना मोजते, पट्टीला कोण मोजणार? गणित शिकवायला लागून त्यांना एकोणतीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत जगाविषयी त्यांचं एकच मत पक्कं झालं होतं, ते म्हणजे लोक प्रश्न वाचत नाहीत, नुसते बघतात. बाजारात भाजी बघावी तसा वरवर बघतात आणि उत्तर द्यायला धावत सुटतात. मुलं तशी, मुलांचे आईबाप त्याहून तसे, आणि शिक्षकांचं तर विचारूच नका. भूगोलाच्या सरांना पूर्व कुठली ते सांगण्याआधी खिडकी शोधावी लागे. मुख्याध्यापक टक्केवारी काढताना ओठ हलवत. अशा माणसांत बसून चहा पिणं म्हणजे बाईंच्या दृष्टीनं एक प्रकारचं समाजकार्यच होतं.

उत्तरपत्रिका फेरपरीक्षेची होती. लिहिणारी मुलगी तिसऱ्या रांगेतली. अंगानं सुतळीसारखी, आणि कपड्यांना कायम कसले ना कसले धागे चिकटलेले, म्हणून वर्गानं तिला दोरी म्हणायचं ठरवून टाकलं होतं. तिची आई तंबू शिवण्याच्या कारखान्यात कापड कापायची.

प्रश्न बाईंनी स्वतः काढलेला होता. एका लघुकोनाची साइन पाच छेद तेरा आहे, तर त्या कोनाच्या निम्म्याची टॅन काढा, गुण पाच. वाट आखून दिलेली होती. आधी कोसाइन काढायची, बारा छेद तेरा. ती एकातून वजा करायची, मग एकात मिळवायची, पहिलीला दुसरीनं भागायचं, भागाकाराचं वर्गमूळ घ्यायचं. मुळाच्या अलीकडे अधिक की उणे हे ठरवायला कोनाचं चरण बघायचं. उत्तर एक छेद पाच. पाच पायऱ्या, पाच गुण. आंधळ्यानंही कठडा धरून चढून जावं असा हा जिना होता, आणि तरी दरवर्षी निम्मा वर्ग त्यावरून गडगडत खाली येई.

दोरीनं जिन्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. तिनं एक काटकोन त्रिकोण काढला होता. उभी बाजू पाच, खालची बारा, तिरपी तेरा. खालची रेघ त्रिकोणाबाहेर डावीकडे लांबच लांब ओढली होती आणि तिच्या टोकापासून त्रिकोणाच्या माथ्यापर्यंत आणखी एक रेघ जोडली होती. शेपूट फुटलेला त्रिकोण. त्याखाली ती ओळ आणि ओळीखाली, चौकटीत, एक छेद पाच.

उत्तर बरोबर होतं. बाईंना सहन होत नव्हतं ते हेच. चुकीच्या उत्तराची त्यांना चीड येत नसे, ती दुनियेची रीतच होती. पण वाट न तुडवता मुक्कामाला पोचलेलं माणूस दिसलं की त्यांचं डोकं तडकायचं. वर्गातल्या चाचणीत याच धड्यात या मुलीला विसांपैकी चार होते. तेव्हा तिनं सूत्रातला अधिक वर आणि वजा खाली लिहिला होता, तोही खाडाखोड करून. आणि आता एकदम चौकटीत एक छेद पाच.

मुलीचे बाकीच्या पेपरात एकतीस गुण होत होते. पास व्हायला पस्तीस. हे पाच मिळाले असते तर छत्तीस. नकाशे काढण्याच्या शिक्षणक्रमात तिची जागा निकालापर्यंत राखून ठेवलेली होती, हेही बाईंना माहीत होतं, कारण त्यासाठी लागणारा शाळेचा दाखला त्यांच्याच हातून गेला होता. त्यांनी ती बेरीज करून पाहिली, बेरीज न करता त्यांना राहवतच नसे. आणि करून बाजूला ठेवली. मग कपाटातून नक्कल केल्याच्या अहवालाचा कागद काढला. तो मंजूर झाला की मुलीला वर्षभर कुठलीच परीक्षा देता येणार नव्हती.

बाहेर कार्यालयासमोरच्या बाकावर दोरी बसली होती. बाई तिच्यापुढे उभ्या राहिल्या.

“कुणाचं बघितलंस?”

“कुणाचं नाही, बाई.”

“मग पायात घातला म्हणजे काय?”

मुलगी विचारात पडली. तिच्याजवळ त्या गोष्टीला तेवढाच शब्द असावा.

“पायात घातला म्हणजे,” ती म्हणाली, “पायात घातला, बाई.”

“छान. सूत्र पाठ करण्यापेक्षा हे सोपंच आहे.”

मधल्या सुट्टीपर्यंत विनोद खोलीतून गळून वऱ्हांड्यात पोचला होता. नळापाशी कुणीतरी दोरीला ‘ए चप्पल’ म्हणून हाक मारली. बाईंनी ऐकलं. नाव वाईट नव्हतं. त्या पुढे गेल्या.

अहवालावर पालकाची सही लागे आणि मुख्याध्यापकांनी चार वाजता मुलीला समोर बोलवायचं ठरवलं होतं. तिच्या आईकडून निरोप आला, की कापड अंथरलेलं आहे, उठता येणार नाही, सहीच हवी असेल तर कागद इकडे आणावा. मुख्याध्यापक म्हणाले, मग उद्यावर ढकलू. बाई म्हणाल्या, उद्यावर कशाला, मी जाऊन येते. खरं तर त्यांना बघायचं होतं. पोटच्या पोरीचं वर्ष बुडत असताना जिला कापडावरून उठवत नाही, ती बाई दिसते तरी कशी, हे एकदा डोळे भरून बघावं असं त्यांना वाटत होतं. तुच्छतेलाही भूक असते, आणि बाईंची दुपारी जरा जास्तच खवळायची.

मालधक्क्यामागच्या रस्त्यावर दोर, आकडे, खिळे, चाकं आणि जुने पत्रे विकणारी दुकानं एकमेकांना खेटून उभी होती. कारखाना म्हणजे एक लांबलचक गोदाम. दाराशी पायताणांची रांग आणि वर खडूनं लिहिलेलं, ‘जोडे बाहेर’. बाईंनी बूट काढले. उजव्या मोज्याच्या अंगठ्याला भोक होतं. ते त्यांना घरून निघतानाच माहीत होतं, पण आज आपण कुठं बूट काढणार आहोत, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

आत जमीन अशी गुळगुळीत की जणू वर्षानुवर्षं गुडघ्यांनीच घासली असावी. तिच्यावर मळकट पांढरं जाड कापड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेलं, आणि त्यावर तीन बायका गुडघे टेकून, नदीकाठी धुणं धुवायला बसाव्यात तशा. मधली रुंद खांद्यांची. कानामागे खडू, गळ्यात मोजण्याची फीत. तिनं मान वर केली, पण ती उठली नाही.

“दोरीची आई का?”

“दोरी कुणाची ते माहीत नाही. मुलगी माझी आहे,” ती म्हणाली. “या बाई. बसा म्हणायला जागा नाही. उभ्या राहा, नाहीतर अशाच गुडघ्यांवर या.”

बाई उभ्या राहिल्या. अहवाल काय आहे, नियम काय आहे, सही कशावर आणि कशासाठी करायची, हे त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं तोडून तोडून सांगितलं. आईनं हात कापडाला न पुसता आपल्या मांडीला पुसले, कागद घेतला आणि दोन्ही बाजूंनी वाचला. तिला वाचायला वेळ लागत होता. बाईंना वाटलं, ओठ हलतील. ओठ हलले नाहीत. मग तिनं पेपर बघायला मागितला. बाईंनी तो पुरावा म्हणून आणलाच होता, प्रश्नपत्रिकेसकट.

शेपटाच्या त्रिकोणावर आईची नजर फार वेळ थांबली नाही.

“बरोबर आहे की.”

“उत्तर बरोबर आहे. म्हणूनच तर.”

“बरोबर आलं म्हणून चोरलं?”

“हा प्रश्न सूत्रानं सोडवायचा होता,” बाई म्हणाल्या. “इथं सूत्र कुठं आहे?”

आईनं प्रश्नपत्रिका सरळ धरली आणि पाचव्या प्रश्नावर खडूचं बोट ठेवून तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. मग कागद बाईंकडे फिरवला.

“यात सूत्र म्हटलेलं नाही.”

बाईंनी वाचला. स्वतः लिहिलेला, स्वतः तपासलेला प्रश्न. नव्हतं म्हटलेलं.

“ते गृहीत आहे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा चढला. “आणि सूत्राचं राहू द्या. ही ओळ बघा. तिरका पायात घातला. हे गणित आहे? पायात काय घालतात तेवढं मलाही कळतं.”

दोन बाजूंच्या दोन बायकांनी एकदम माना खाली घातल्या. त्यांचे खांदे हलत होते. बाईंना वाटलं, आपल्या बोलण्यातली मेख त्यांना कळली. तेवढ्यात डावीकडची, कात्री न थांबवता, दुसरीला हळूच म्हणाली, “बाईंना पाय वाटला गं.”

आई हसली नाही.

“पाय नव्हे, बाई. पाया.”

तिनं त्रिकोणाच्या खालच्या रेघेवर बोट टेकवलं.

पाया. त्रिकोणमितीच्या पहिल्याच दिवशी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढून, उभ्या रेघेवर लंब, आडव्या रेघेवर पाया, तिरप्या रेघेवर कर्ण असं बाई स्वतः लिहीत आल्या होत्या. एकोणतीस पहिले दिवस. पाया, पायाला, पायात. पाय, पायाला, पायात. असल्या गोष्टींवर पोट भरणाऱ्या भाषेच्या बाईंची त्यांनी जन्मभर टर उडवली होती. आणि त्या भाषेच्या बाईंनाही सकाळी पायच दिसला होता, कारण ओळ बाईंनी वाचून दाखवली होती, आणि हसायचं कुठं तेही बाईंनीच दाखवलं होतं.

“आणि तिरका?” त्यांनी विचारलं. विचारेपर्यंत त्यांना ते कळून चुकलं होतं, पण तोंडातून बाहेर पडलं.

“हा काय.”

आईनं कापडाच्या कडेला, जमिनीत ठोकलेल्या खिळ्यात अडकवलेला दोर उचलला. गोल तंबूचं छत चाललं होतं. छताच्या कळ्या, म्हणजे वर निमुळते होत जाणारे तुकडे, कापायच्या, पण कळी मोठी आणि कापडाचा पन्हा लहान, म्हणून एकेक कळी दोन पाखांची करायची आणि मधोमध शिवण घालायची. हुकूम येतो तो सबंध कळीच्या कोनाचा. कापावा लागतो त्याच्या निम्मा. हे सगळं तिनं बाईंना सांगितलं असं नाही, हातानं करत गेली आणि मध्ये मध्ये शब्द टाकत गेली. खिळ्यापासून पाया बारा हात, तिथून उभा पाच हात, आणि उभ्याच्या माथ्यापासून परत खिळ्यापर्यंत हा तिरका, तो आपोआप तेरा भरतो. आता उभ्याला हात लावायचा नाही. तिरक्याचं माथ्याकडचं टोक सोडवायचं, खिळा तसाच ठेवून दोर गर्रकन फिरवायचा, आणि पायाच्याच रेघेत, पण खिळ्याच्या पलीकडे, जमिनीवर निजवायचा. झाला तिरका पायात. बारा न् तेरा पंचवीस.

ती हे करत असताना बाकीच्या दोघी सवयीनं गुणगुणू लागल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोर फिरला की गळा फिरत असावा.

*उभ्याला हात नको गं लावू, तिरका पायात घाल,*
*निम्मा निघाला कोन गं बाई, चाल गं कात्री चाल.*

आईनं निजवलेल्या टोकापासून उभ्याच्या माथ्यापर्यंत खडूची सणसणीत रेघ मारली आणि ती टाचांवर बसली.

“पंचवीस हात चालल्यावर पाच हात चढ. म्हणजे पाचाला एक. पोरीनं तेच लिहिलंय.”

“पण निम्माच कशावरून?” बाई म्हणाल्या. त्या कधी खाली बसल्या ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. गुडघ्यांना कापडाचा खरखरीतपणा लागत होता.

“दोर एकच आहे ना. खिळ्यापासून वर गेलेला तेवढाच, खिळ्यापासून मागं गेलेला तेवढाच. दोन्ही हात सारखे, म्हणून त्यांच्या टोकाचे हे दोन कोपरे सारखे. जुळे. आणि या जुळ्यांचं मिळून होतं ते हे.” तिनं खिळ्यापाशीच्या कोनावर हात ठेवला. “मग एकाच्या वाट्याला किती येणार?”

समद्विभुज त्रिकोण. बाह्यकोन. आठवीचा धडा. बाईंच्या मनात ते शब्द एकामागून एक येऊन उभे राहिले, उशिरा आलेली मुलं वर्गाच्या दारात उभी राहावीत तसे. पाच छेद, बारा अधिक तेरा. साइन छेद, एक अधिक कोसाइन. यात वर्गमूळ नव्हतं. वर्गमूळ नाही म्हटल्यावर अधिक-उणेही नाही, आणि अधिक-उणे नाही म्हटल्यावर चरण कशाला बघायचं? ज्या पायरीवर त्या दरवर्षी निम्म्या वर्गाचा एक एक गुण छाटत आल्या होत्या, ती पायरीच या जिन्याला नव्हती.

असं कसं असेल. कुठंतरी फसणारच.

“कोन काटकोनाहून मोठा असला तर?” त्यांनी विचारलं. वर्गात कुणाला पकडायचं असलं की त्यांचा आवाज असा मऊ व्हायचा.

“पसरट तंबूला असतो तसा. मग पाया खिळ्याच्या मागं पडतो, तिरका निजतो त्याच बाजूला. मग तो तिरक्यातून वजा.” आई म्हणाली. “तेराच्या पोटातून बारा गेले, राहिला एक. एकाला पाच. उभाच चढ.”

बाईंनी डोक्यात सूत्र लावलं. एकातून उणे बारा छेद तेरा गेले, वर पंचवीस, खाली एक, वर्गमूळ पाच. पाच.

“तुमच्याकडं कसं करतात?” आईनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाईंनी सूत्र म्हणून दाखवलं. एक वजा कोसाइन, छेद, एक अधिक कोसाइन, सगळ्याचं वर्गमूळ.

“ते तसं का?”

“ते दुप्पट कोनाच्या सूत्रावरून येतं.”

“आणि ते?”

“ते दोन कोनांच्या बेरजेच्या सूत्रावरून.”

आईनं थोडी वाट पाहिली. पुढं काही येत नाही असं दिसल्यावर तिनं मान हलवली.

“म्हणजे तुमच्यात बघितलेलं कुणी नाही.”

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. दुकान बंद आहे हे कळल्यावर माणूस जसं आपल्याशीच म्हणतं आणि पुढच्या दुकानाकडे वळतं, तसं ती म्हणाली आणि कागदाकडे वळली. बाईंनी आयुष्यात पुष्कळांना क्षुद्र ठरवलं होतं, पण इतक्या कमी कष्टात कुणालाच ठरवलं नव्हतं.

“सही कुठं करू?”

“थांबा,” बाई म्हणाल्या.

“नापास असेल तर नापास करा. त्याला माझी ना नाही. पण चोर म्हणत असाल, तर या रकान्यात नाव भरा.” तिचं बोट अहवालाच्या मधल्या ओळीवर होतं: ‘ज्याची नक्कल केली त्याचे नाव’. तो रकाना कोरा होता. “आमच्यात कापड चोरलं म्हणून जिचं नाव झालं, तिला कुणी पुन्हा कात्री देत नाही. कुणाचं चोरलं तेवढं मला कळू दे.”

बरोबर उत्तराच्या आणखी अकरा उत्तरपत्रिका होत्या. शेपूट एकाही त्रिकोणाला नव्हतं. हे बाईंना सकाळीही माहीत होतं. माहीत असणं आणि वाचणं यांत केवढं अंतर पडलं होतं, ते त्यांना आता दिसत होतं.

“मी बघते ते,” त्या म्हणाल्या.

“बघा,” आई म्हणाली, आणि तिचे गुडघे पुन्हा कापडावर सरकू लागले. कुणी त्यांना दारापर्यंत पोचवायला आलं नाही.

परतीच्या वाटेवर बाईंनी आठ-पंधरा-सतरा घेऊन पाहिला. बत्तीसाला आठ, एक छेद चार. सात-चोवीस-पंचवीस. एकोणपन्नासाला सात, एक छेद सात. वीस-एकवीस-एकोणतीस घेतला. पन्नासाला वीस, दोन छेद पाच. प्रत्येक वेळी सूत्रानं पडताळलं. दोराच्या दुकानासमोर थांबून पडताळलं, आणि फाटकाशी उभं राहून पुन्हा. कुठं तरी एकदा फसावं एवढीच त्यांची इच्छा होती. एकदाही फसला नाही.

मग त्या शाळेच्या पायऱ्या चढताना मनातल्या मनात म्हणून बघू लागल्या: माझ्या वाचण्यात चूक झाली. चार शब्द. दुसऱ्याच्या बाबतीत त्या दिवसातून दहादा म्हणत. स्वतःच्या बाबतीत ‘माझ्या’च्या पुढे त्यांना जाता येत नव्हतं. शिक्षकखोलीवरून जाताना आतून भूगोलाच्या सरांचा आवाज आला. ते नुकत्याच आलेल्या चित्रकलेच्या सरांना सकाळची गोष्ट सांगत होते, आणि वाईट सांगत होते. पाव झाला असता, हे आधीच सांगून बसले होते.

चार वाजता मुख्याध्यापकांच्या टेबलाशी दोरी उभी होती. हात मागे बांधलेले. खांद्यावर पांढरा धागा. बाई तिच्या शेजारून गेल्या आणि खुर्चीत बसल्या.

“सही झाली?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“गरज नाही. नक्कल नाही ती.”

मुलीचे मागचे हात सुटले.

“नाही?”

“रीत वेगळी आहे, पण बरोबर आहे. पाच गुण द्यायला हवेत. पास आहे.”

मुख्याध्यापकांना सुटल्यासारखं झालं. अहवाल वर पाठवायचा म्हणजे तीन प्रती करायच्या. त्यांनी बाईंच्या हातातला बिनसहीचा अहवाल घेऊन, फाडून टोपलीत टाकला आणि मग, घरचं माणूस बोलतं तसं, पुढं झुकून म्हणाले, “आणि ते पायातलं काय म्हणायचं, बाई?” त्यांचं तोंड हसायला अर्धं उघडूनच ठेवलेलं होतं.

आता म्हणायला हवं होतं. बाईंनी टेबलावरच्या पेपराकडे बघितलं, मुख्याध्यापकांच्या तोंडाकडे बघितलं. मुलीकडे बघितलं नाही.

“अक्षर,” त्या म्हणाल्या. “अक्षर फार वाईट आहे हिचं. वाचताना घोटाळा झाला.”

दोरीची नजर हळूच पेपरावर गेली. ओळ उलटी असूनही तिथून दिसत होती. गोल, सुटी, टाका टाका घातल्यासारखी अक्षरं. एकही काना कुठं कलंडलेला नव्हता.

मुख्याध्यापकांनी पेपर न बघताच मान डोलावली. मग त्यांनी मुलीला चार शब्द सुनावले. बाईंनी सांभाळून घेतलं म्हणून बरं, सगळेच असं घेत नाहीत. नकाशे काढायला जायचंय म्हणे, तिथं असलं अक्षर कोण चालवून घेईल, रोज एक पान शुद्धलेखन लिहीत जा. आणि गुण बदलताहेत तर नोंदीला काहीतरी हवं, तेव्हा ती ओळ या कागदावर स्वच्छ लिहून दे. बाईंना वाचता येईल अशी.

दोरी टेबलाच्या कोपऱ्याशी वाकली. तिनं घाई केली नाही. ओळ लिहून झाल्यावर पूर्णविराम दिला, पेन जागेवर ठेवलं आणि कागद मुख्याध्यापकांपुढे न ठेवता बाईंसमोर धरला. तीच ओळ. तेच शब्द, तीच गोल, सुटी अक्षरं. पेपरावरच्या ओळीवर ठेवली असती तर कान्यावर काना बसला असता.

“वाचा की मोठ्यानं,” मुख्याध्यापक म्हणाले. “मलाही कळू दे.”

“तिरका पायात घातला,” बाईंनी वाचलं, आणि मुख्याध्यापक खो खो हसले. हसायची जागा त्यांना सकाळपासून पाठ झाली होती. खोलीत दुसरं कुणी हसलं नाही. त्यांनी एकदा बाईंकडे, एकदा मुलीकडे पाहिलं, खाकरले, आणि घंटा वाजवून शिपायाला उगाच पाणी आणायला सांगितलं.

“कोन निम्मा झाला,” बाईंनी उरलेलं वाचून संपवलं.

मुलीनं कागद खाली घेतला नाही.

“आता येतंय का वाचता, बाई?” तिनं विचारलं. आवाज साधा होता. पाढा म्हणून दाखवल्यावर लहान मुलाला विचारावं तेवढाच.

शिपाई पाणी ठेवून गेला.

“येतंय,” बाई म्हणाल्या.